भिंगे घासणारा बारूख

या वर्गाच्या पुस्तिकेत आजवर दावीद रहाबी, सामाजी हसाजी दिवेकर अशा आपल्या माणसांची चरित्रे आली. यावेळी ज्यांचे चरित्र लिहायला घेतले आहे ते ना कोकणातले, ना बेने इस्राएल. ते यहुदी होते, पण त्यांच्याच मशिदीने त्यांना तेविसाव्या वर्षी बाहेर घातले आणि पुन्हा कधी आत घेतले नाही. (मुलांनो, आमच्या पिढीला सिनेगॉगला मशीद म्हणायची सवय आहे. मी येथे तसेच म्हणणार.)

अशा माणसाला आपल्या पुस्तिकेत जागा कशाला, असे वर्गातल्या दोन वडीलधाऱ्यांनी मला विचारले. विचारणे रास्तच आहे. पण त्याच्या आधीच्या आठवड्यात एका मुलीने मला वेगळाच प्रश्न घातला होता. आपण किद्दुश हाशेम करणाऱ्यांच्या, म्हणजे देवाच्या नावासाठी प्राण देणाऱ्यांच्या कथा वाचत होतो. ती म्हणाली, बाई, जो धर्मासाठी मरतो त्याचा धर्म खरा ठरतो का? मग दुसऱ्यांच्या धर्मातही असे मरणारे आहेत, त्यांचे काय? पस्तीस वर्षे शिकवूनही मला त्या दिवशी धड उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर बारूख स्पिनोझांची आठवण झाली. हाच प्रश्न त्यांच्यापुढे एका पत्रातून आला होता आणि त्यांनी त्याला उत्तर दिले होते. ते पत्र येईपर्यंत त्यांच्या आयुष्याची त्रेचाळीस वर्षे होत आली होती. ती आधी पाहू. लहानपणापुरते त्यांना अरेतुरे करते.

बारूखचा जन्म २४ नोव्हेंबर १६३२ रोजी हॉलंडमधल्या ॲमस्टरडॅम शहरात झाला. घरची भाषा पोर्तुगीज. घरात त्याला बेंतो म्हणत, मशिदीत बारूख, आणि पुढे लॅटिन लिहू लागल्यावर तो बेनेडिक्टस झाला. तिन्ही नावांचा अर्थ एकच, आशीर्वाद मिळालेला. वडील मिखाएल हे पोर्तुगालमधल्या विदिगेरा गावचे, धंद्याने व्यापारी.

पोर्तुगीज बोलणारे यहुदी हॉलंडात कसे आले, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर काढले. पुष्कळजण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले, तर १४९७ मध्ये तेथे सर्वांना जबरदस्तीने ख्रिस्ती केले गेले. वरून ख्रिस्ती, आतून यहुदी, अशा पिढ्या गेल्या. त्यांच्यावर नजर ठेवायला इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय होते. शनिवारी कोण स्वच्छ कपडे घालतो, कोण डुकराचे मांस टाळतो, हे शेजारीपाजारी जाऊन सांगत. गुन्हा ठरला आणि माणूस नमला नाही तर त्याला भर चौकात जाळत. हेच न्यायालय १५६० मध्ये गोव्यात आले. ज्या गार्सिया द ओर्ता वैद्याकडे एके काळी मुंबई बेट खंडाने होते, त्याची हाडे मरणानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, गोव्यात उकरून जाळली. तो मनाने यहुदीच राहिला होता, असा आरोप. आपले पूर्वज तेव्हा कुलाब्याच्या गावांत तेल गाळत होते. चौल पोर्तुगीजांकडे होते, म्हणजे ही आग आपल्या घरांपासून फार लांब नव्हती. तिची झळ आपल्याला लागली नाही, एवढेच.

ॲमस्टरडॅममध्ये मात्र यहुद्यांना उघडपणे राहता येत होते. पोर्तुगालमधून निसटलेली कुटुंबे तेथे येत, पुरुष मोठेपणी सुंता करून घेत, हिब्रू पहिल्यापासून शिकत. अशा लोकांत जळून मेलेल्यांच्या आठवणींना फार मान असणारच. बारूख अकरा वर्षांचा असताना, १६४४ मध्ये, स्पेनमधल्या वायादोलिद येथे लोपे दे वेरा नावाच्या तरुणाला जाळले. हा तर मुळात यहुदी घराण्यातलाही नव्हता. खानदानी ख्रिस्ती घरातला मुलगा, हिब्रू शिकता शिकता यहुदी झाला, तुरुंगात स्वतःच्या हाताने सुंता करून घेतली आणि यहुदा हे नाव घेतले. तीन वर्षांनी लिस्बनमध्ये इसहाक दे कास्त्रो तार्तास या विशीच्या आसपासच्या मुलाला जाळले. ज्वाळांतून त्याने शमा म्हटला, ही बातमी ॲमस्टरडॅमला आली तेव्हा सारी वस्ती रडली. बारूख तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

वस्तीच्या शाळेत तो तोरा शिकला. गावचे मोठे राब्बी शाऊल लेवी मोर्तेरा होते. मनश्शे बेन इस्राएल हे तेथलेच दुसरे विद्वान. दहा हरवलेल्या वंशांबद्दल त्यांनी १६५० मध्ये एक पुस्तक काढले आणि वायादोलिदच्या त्या यहुदाचीही हकिकत त्यात घातली. आपणही त्या दहांपैकीच, असे आपल्यातले काहीजण मानतात. मनश्शेंना मात्र ते वंश अमेरिकेत सापडल्याची बातमी लागली होती. कोकणाचा पत्ता त्यांना कोणी दिला नसावा.

त्याच वस्तीची दुसरी बाजूही त्या मुलाच्या लहानपणी होऊन गेली. पोर्तोहून आलेले उरिएल दा कोस्ता नावाचे गृहस्थ होते. शास्त्र वाचून ते आपणहून यहुदी धर्मात परतले, पण राब्बींनी घातलेले नियम त्यांना मूळ शास्त्रात दिसेनात. आत्मा अमर आहे हेही ते मानीनात. त्यांच्यावर बहिष्कार पडला. वर्षानुवर्षांच्या एकटेपणाला कंटाळून ते शरण आले, तेव्हा मशिदीत सर्वांसमोर त्यांना एकोणचाळीस फटके मारले. मग उंबरठ्यावर आडवे पाडले आणि मंडळी त्यांना ओलांडून बाहेर गेली. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यानंतर, १६४० मध्ये, त्यांनी पिस्तुलाने जीव दिला. इन्क्विझिशनपासून पळून आलेल्या लोकांनीच हे केले. मला ही गोष्ट मुलांना सांगताना नेहमी जड जाते, आणि म्हणूनच मी ती गाळत नाही.

बारूखची आई तो सहा वर्षांचा होण्याआधीच गेली. १६५४ मध्ये वडील गेले. तो आणि धाकटा भाऊ गाब्रिएल दुकान पाहू लागले. सुका मेवा, फळे असा माल येई जाई. पण वडिलांमागे कर्ज बरेच राहिले होते आणि बारूखचे लक्षही पेढीवर नव्हते. फ्रान्सिस्कुस व्हान डेन एंडेन नावाच्या, पूर्वी जेझुइट असलेल्या मास्तरांकडे तो लॅटिन शिकू लागला होता. लॅटिन म्हणजे त्या काळची विद्येची किल्ली. गॅलिलिओचे आकाश, देकार्तचे तत्त्वज्ञान, सगळे त्या दाराआड होते.

मग तो काय बोलू लागला? लेखी पुरावा त्याने तेव्हा ठेवला नाही. पण काही वर्षांनी ॲमस्टरडॅमहून स्पेनला परतलेल्या एका साधूने आणि एका कप्तानाने १६५९ मध्ये माद्रिदच्या इन्क्विझिशनपुढे जबानी दिली, ती शाबूत आहे. स्पिनोझा आणि त्याचा मित्र हुआन दे प्रादो हे आत्मा शरीराबरोबर मरतो असे म्हणतात, आणि देव आहे तो फक्त तत्त्वज्ञानातला असे म्हणतात, म्हणून यहुद्यांनी त्यांना काढून टाकले, असे त्या दोघांनी सांगितले. स्पिनोझा ठेंगणा, देखणा, काळ्या केसांचा आणि काळ्या डोळ्यांचा आहे, हेही त्या जबानीत आहे. आणि एक बारीक गोष्ट आहे. आपल्या लोकांशी बोलणेचालणे तुटले याचे या मित्रांना वाईट वाटते, असेही साधू सांगून गेला.

बहिष्काराचा दिवस २७ जुलै १६५६. आपल्या पंचांगाने ६ आव ५४१६, म्हणजे बिरड्याच्या रोजाला तीन दिवस होते. हेखालासमोर पोर्तुगीजमधून हेरेम वाचला गेला. त्यात शापांची मोठी रास आहे. दिवसा शाप, रात्री शाप, झोपताना, उठताना, जाताना, येताना. शेवटी हुकूम असा की कोणी त्याच्याशी बोलू नये, लिहू नये, एका छपराखाली राहू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत येऊ नये, त्याने लिहिलेले वाचू नये. तेव्हाचे इतर हेरेम काही दिवसांनी, काही महिन्यांनी माफी मागून सुटत. हा सुटला नाही, कारण बारूख माफी मागायला गेला नाही. सख्खा भाऊ, बहीण रिबेका, सगळी माणसे एका दिवसात परकी झाली.

येथे वाचक म्हणेल, हा बाटला असेल. नाही. पुष्कळ ख्रिस्ती मित्र मिळाले, तरी ते कधी ख्रिस्ती झाले नाहीत. कोणत्याही देवळात नाव न घालता एकट्याने राहणे ही गोष्ट त्या काळात जवळजवळ ऐकिवात नव्हती. (आता त्यांना अहोजाहो करते. तेवढा अधिकार त्यांनी कमावला आहे.)

पोटासाठी ते भिंगे घासू लागले. दुर्बीण आणि सूक्ष्मदर्शक तेव्हा नवीन होते. काच तासायची, वाडग्यात घासून बाक द्यायचा, मग तासन् तास गुळगुळीत करायची. क्रिस्तियान हॉयगेन्स हा मोठा शास्त्रज्ञ, त्यानेही त्यांच्या भिंगांची तारीफ केली आहे. १६६१ मध्ये ते रेन्सबर्ग या खेड्यात राहायला गेले, १६६३ मध्ये व्होरबर्गला, आणि शेवटी हेग शहरात. मित्र थोडी मदत देऊ करीत. ती ते घेत, पण गरजेपुरतीच. जेवण म्हणजे दुधाची पेज, लोणी, कधी मनुका घातलेली लापशी. चिलीम ओढीत. करमणूक म्हणून कोळी पकडून त्यांची झुंज लावीत आणि हसत. त्यांच्या मोहरेवर गुलाबाचे फूल होते आणि एक लॅटिन शब्द, ज्याचा अर्थ जपून.

जपून राहण्याला कारण होते. आद्रियान कूरबाख हा त्यांचा डच मित्र डॉक्टर आणि वकील होता. त्याने १६६८ मध्ये लोकांच्या साध्या डच भाषेत एक पुस्तक काढले आणि त्यात चमत्कार, भुते, त्रैक्य यांची खिल्ली उडवली. पकडला गेला. दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी तुरुंगातच मेला. हाही एक प्राण देणाराच. स्पिनोझांनी आपले पुस्तक लॅटिनमध्येच ठेवले, आणि पुढे कोणी त्याचे डच भाषांतर छापू लागला तेव्हा ते थांबवा म्हणून मित्राला लिहिले. त्यांना हुतात्मा व्हायचे नव्हते. याला भित्रेपणा म्हणावे का? मी म्हणणार नाही. मत बदलून सुटण्याची वाट त्यांना जन्मभर मोकळी होती, तिकडे ते वळले नाहीत.

ते पुस्तक १६७० मध्ये निघाले. विषय धर्मशास्त्र आणि राज्यकारभार. त्यावर लेखकाचे नाव नव्हते आणि छापल्याचे गाव हॅम्बुर्ग असे खोटेच घातले होते. छापले ॲमस्टरडॅममध्ये. त्यात ते म्हणतात की शास्त्र जसे आहे तसे, त्याच्या भाषेतून आणि त्याच्या काळातून वाचावे. मोशेच्या मरणाची हकिकत मोशे कशी लिहील? इब्न एझ्रा या आपल्याच जुन्या भाष्यकाराने हे आडून सुचवले होते, स्पिनोझांनी उघड म्हटले.

चमत्कारांचे प्रकरण त्या पुस्तकात सहावे आहे. त्यांचे म्हणणे असे. देव आणि सृष्टीचे नियम ही दोन निराळी माणसे नव्हेत की एकाने दुसऱ्याची आज्ञा मोडावी. नियम हाच देवाचा हुकूम. मग नियमाबाहेर काही घडले असे म्हणणे म्हणजे देवाने स्वतःविरुद्ध काम केले असे म्हणणे. लोक ज्याला चमत्कार म्हणतात ती बहुधा अशी घटना असते जिचे कारण सांगणाऱ्याला ठाऊक नव्हते. तांबड्या समुद्राच्या हकिकतीतसुद्धा रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहिला असे शास्त्रच सांगते, इकडे ते बोट दाखवतात. यहोशवाने लढाईत सूर्याला थांबवले ती जागा गिबोन आणि अयालोनचे खोरे. तुम्ही रामला, लोदचे लोक रोज ज्या अयालोन रस्त्याने कामाला जाता त्याला नाव याच खोऱ्यावरून पडले. स्पिनोझा म्हणतात, यहोशवा सेनापती होता, ज्योतिषी नव्हे. सूर्य फिरतो असेच तो समजत होता. दिवस लांबल्यासारखा वाटला, त्याला गारांनी भरलेल्या हवेत वाकलेला उजेड कारण असू शकेल. हे कारण मला स्वतःला फारसे पटत नाही. पण ते कारण शोधू पाहतात, हे महत्त्वाचे.

त्यांच्या दुसऱ्या ग्रंथात छपरावरून पडलेल्या दगडाचा दाखला आहे. दगड डोक्यात पडून माणूस मेला. लोक म्हणणार, त्याला मारायलाच तो पडला. नाही, वारा सुटला होता. मग वारा तेव्हाच का सुटला? समुद्र खवळला होता. तो माणूस नेमका तेव्हाच का चालला होता? मित्राने जेवायला बोलावले होते. मित्राने तेव्हाच का बोलावले? असे विचारीत विचारीत शेवटी देवाच्या इच्छेपाशी येऊन थांबतात. स्पिनोझांच्या मते ते थांबणे म्हणजे आपल्या अज्ञानाला आडोसा शोधणे.

हे वाचताना मला दर वेळी माझी आजी आठवते. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहू हन्नाबीचा टापा आहे. रथाच्या घोड्याचे पाऊल आणि चाकाच्या खुणा. आजी मला तेथे घेऊन गेली होती. नवस फेडायचा होता, मलिद्याचे ताट बरोबर होते. खडकावर अशा खुणा पाण्याने पडतात, हे मी पुढे भूगोलाच्या वर्गात शिकवले. आजीला मात्र ते कधी सांगितले नाही. मलिदा आजही मी करते.

स्पिनोझाही सरसकट साऱ्यांची श्रद्धा मोडायला निघाले नव्हते. हेगला व्हान डर स्पाइक नावाच्या चित्रकाराच्या घरी ते भाड्याने राहत. घरमालकीण भोळी लुथरपंथी बाई. तिने एकदा विचारले, माझ्या धर्माने मी तरेन का? त्यांनी तिला सांगितले की तुमचा धर्म चांगला आहे, दुसरा शोधू नका, फक्त शांतपणे आणि सचोटीने राहा. घरच्या मुलांना ते देवळात जायला सांगत आणि प्रवचन कसे झाले ते विचारीत.

एक गोष्ट मात्र मला त्यांच्या पुस्तकात खटकते, ती सांगतेच. यहुदी इतकी शतके टिकले ते मुख्यतः इतरांनी त्यांचा द्वेष केला म्हणून, असे ते लिहितात. युरोप पाहून त्यांना तसे वाटले असेल. पण कोकणात आपला कोणी द्वेष केला? कुणबी, आगरी, मुसलमान, सगळ्यांच्या शेजारी आपण राहिलो. शनवार तेली म्हणून ओळखले गेलो, कारण शनिवारी घाणा बंद. ना राब्बी होता, ना तोराची गुंडाळी. शमा, सुंता, शब्बाथ आणि खवले नसलेली मासळी न खाणे, एवढ्यावर टिकलो. द्वेषावाचून टिकलो. ॲमस्टरडॅमला आपली खबर असती तर हे वाक्य त्यांना बदलावे लागले असते. त्याच प्रकरणात ते असेही म्हणतात की संधी आली तर यहुदी आपले राज्य पुन्हा उभारतील. हे बेन गुरियन यांच्या लक्षात राहिले.

१६७२ साल हॉलंडला वाईट गेले. फ्रान्सचे सैन्य आत घुसले आणि लोक खवळले. २० ऑगस्ट रोजी हेगमध्ये जमावाने राज्यकर्ते यान डी विट आणि त्यांचे बंधू यांना तुरुंगाबाहेर ओढून ठार केले, प्रेतांचे तुकडे केले. शांत स्पिनोझा त्या रात्री शांत राहिले नाहीत. रानटी लोकांना धिक्काराचा कागद लिहून तो त्या जागी लावायला निघाले. घरमालकाने दार लावून घेतले म्हणून वाचले. जपून हा शब्द मोहरेवर कोरणारा माणूस त्या एका रात्री मरायला निघाला होता.

पुढच्या वर्षी हायडेलबर्ग विद्यापीठाने त्यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. विचार करायला मोकळीक राहील, पण चालू धर्माला धक्का लावू नये, अशी अपेक्षा पत्रात होती. त्यांनी नम्रपणे नकार दिला. १६७४ मध्ये त्यांच्या पुस्तकावर हॉलंडात बंदी आली.

त्याच वर्षी ह्यूगो बॉक्सेल नावाच्या सरकारी कामातल्या गृहस्थाने त्यांना पत्र लिहून विचारले, भुतांबद्दल आपले मत काय? भुते आहेत, पण बहुधा स्त्री भुते नसावीत, असे बॉक्सेलसाहेबांचे म्हणणे. त्यांना आपल्या गावाकडची हडळ आणि जखीण भेटली नव्हती, हे उघड आहे! स्पिनोझांनी थट्टा केली, पण उत्तर नीट दिले. जी वस्तू काय आहे हेच सांगणाऱ्यांना ठाऊक नाही, तिच्या कथा आधी सिद्ध करा. माणूस गोष्ट जशी घडली तशी सांगत नाही, त्याला जशी हवी तशी सांगतो, आणि भुताच्या गोष्टीला साक्षीदार सांगणारा एकटाच असतो. बॉक्सेल म्हणाले, जुन्या काळचे थोर लोक मानीत आले आहेत. स्पिनोझांनी कळवले की थोरांच्या नावाने मला काही पटत नाही. आमच्या गावी वडाखालून रात्री जाताना हे पत्र खिशात असते तर उपयोग झाला असता की नाही, शंका आहे.

आता ते पत्र. आल्बर्ट बर्ख हा ॲमस्टरडॅमच्या बड्या घरातला तरुण. पूर्वी स्पिनोझांना मानणारा. इटलीत गेला आणि १६७५ मध्ये कॅथलिक झाला. तेथून त्याने लांबलचक पत्र धाडले. त्यात शिव्या होत्या, नरकाची भीती होती आणि पुरावे होते. आमचे चर्च किती जुने, किती लोकांनी मानलेले, किती चमत्कार झाले, किती हुतात्म्यांनी हसत प्राण दिले. एवढे सगळे खोटे कसे असेल?

स्पिनोझांना आधी उत्तर द्यायचे नव्हते. मित्रांनी आग्रह केला म्हणून दिले. ते म्हणाले, हे पुरावे मी लहानपणापासून ऐकले आहेत, फक्त दुसऱ्यांच्या तोंडून. यहुदीही हेच सांगतात. तेही जुने, त्यांचीही परंपरा अखंड, त्यांचेही चमत्कार. आणि हुतात्मे मोजायचे तर ते कोणापेक्षा कमी नाहीत. मग त्यांनी वायादोलिदच्या त्या यहुदाचे नाव घेतले. ज्वाळा भडकल्या होत्या, तो मेला असे सर्वांना वाटत होते, तेवढ्यात आतून स्तोत्राचा आवाज आला, आणि गाता गाताच त्याचा प्राण गेला.

त्यांचा मुद्दा नीट पाहा. यहुदा फसला असे ते म्हणत नाहीत. त्याचा धर्म खरा ठरला असेही म्हणत नाहीत. मरताना माणूस डगमगला नाही, यावरून त्या माणसाचे धैर्य कळते. तो ज्यासाठी मेला ते खरे की नाही, हे वेगळे तपासावे लागते. आणि तपासायला प्रत्येकाजवळ बुद्धी आहे. चांगल्या माणसाची खूण ते न्याय आणि शेजाऱ्यावरचे प्रेम ही मानतात, आणि असे लोक सगळ्या पंथांत असतात असे बर्खला बजावतात.

वर्गातल्या त्या मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, मग त्या यहुदाचे मरण फुकट गेले का? स्पिनोझांना तसे वाटत नसावे, असे मी म्हटले. वस्तीने टाकल्याला एकोणीस वर्षे झाली होती. हॉलंडातल्या कोणत्याही पंथाचा हुतात्मा उदाहरणाला घेता आला असता. त्यांच्या लेखणीतून आले ते नाव अकराव्या वर्षी कानावर पडलेले, आपल्या लोकांचे होते.

पुढे फार दिवस राहिले नव्हते. छातीचा जुना आजार होता, काचेची धूळ वर्षानुवर्षे पोटात जात होती. २१ फेब्रुवारी १६७७, रविवार. घरची मंडळी दुपारच्या प्रवचनाला गेली होती. कोंबड्याचा रस्सा थोडा घेतला होता. मंडळी परत आली तेव्हा ते गेले होते. वय चव्वेचाळीस. जवळ फक्त एक डॉक्टर मित्र.

मग अफवा सुरू झाल्या. नास्तिक म्हणे भीतीने किंचाळला, देवाची करुणा भाकली, विष घेतले. काही वर्षांनी कोलेरुस नावाचे लुथरपंथी पाद्री हेगला आले. त्यांना स्पिनोझांची मते अजिबात पसंत नव्हती. पण त्यांनी घरमालकाकडे जाऊन बारीक चौकशी केली आणि असे काही घडले नाही म्हणून लिहून ठेवले. न पटणाऱ्या माणसाबद्दलही खरे लिहिणारा चरित्रकार त्यांना मिळाला, हे त्यांचे नशीब, आणि नशीब हा शब्द त्यांना आवडला नसता.

मेज बंद करून ॲमस्टरडॅमच्या छापणाऱ्याकडे पाठवले होते. त्यातले लेखन त्याच वर्षाच्या शेवटी निघाले. त्यात नीतिशास्त्राचा मोठा ग्रंथ होता आणि एक अपुरे हिब्रू व्याकरणही होते. ज्या मशिदीने त्यांचे अक्षर वाचू नका म्हटले, तिच्या भाषेचे व्याकरण ते शेवटपर्यंत लिहीत होते.

पुरले हेगच्या नव्या चर्चमध्ये. त्या चर्चमागे १९५६ मध्ये, हेरेमला तीनशे वर्षे झाली तेव्हा, इस्राएलमधून नेलेला एक काळा दगड बसवला. त्यावर एकच हिब्रू शब्द आहे, अम्खा, म्हणजे तुझे लोक. बेन गुरियन यांनी स्पिनोझांच्या बाजूने त्याआधीच लेख लिहिला होता. ॲमस्टरडॅमच्या मंडळीत हा विषय २०१३ पर्यंत पुन्हा निघाला, आणि उत्तर नकाराचेच आले. हेरेम अजून उभा आहे. तेल अवीवमध्ये मात्र त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर चार हातांचे अंतर कोणी पाळत नाही.